बिनआवाजाची गाडी आणि मी

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझा आवाज ऐकून तुम्हाला ते कळेलच. मी उचगावच्या केरबा गवळ्यांची मोटरसायकल. माझी टाकी एके काळी लाल होती. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे लोखंडी हूक आहेत आणि त्या हुकांनी माझे पत्रे घासून पांढरे झाले आहेत.

स्वतःची गोष्ट सांगायची एक रीत असते. आधी जन्म, मग उमेदीची वर्षे, मग म्हातारपण. मीही त्या रीतीनेच सांगणार आहे.

माझा जन्म

एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे भरपूर उजेड होता. पुढे-मागे रांगेत माझ्यासारख्याच गाड्या उभ्या होत्या. सगळ्या लाल, सगळ्यांची चाके दोन. त्यामुळे मला तेव्हा कुणाचाच हेवा वाटला नाही. हेवा वाटायला समोरची वेगळी असावी लागते. चार चाकांची असावी लागते. पोपटी असावी लागते, आणि तिच्या अंगावर आमच्या मालकीणबाई शालूबाईंच्या जुन्या लुगड्याचे…

नाही. तिची पाळी नंतर.

माझी उमेदीची वर्षे

१९९१ साली मालकांनी मला घरी आणले. शालूबाईंनी मला ओवाळले आणि हॅण्डलला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे दूध घेऊन निघू लागले. उचगावातून शहरात राजारामपुरी, तिथून शाहूपुरी आणि परत. मित्रांनो, त्या काळी राजारामपुरीतल्या गल्ल्यांना घड्याळाची गरज नव्हती. मी कोपऱ्यावर वळले की माझ्या फटफटाटाने लोक जागे होत आणि पातेली घेऊन खाली येत. काही जण शिव्याही देत. पण पातेले हातात असायचेच.

मालक माझ्यावर जीव लावून होते. रोज संध्याकाळी ते मला फडक्याने पुसत. शेजारचे पिराजी म्हणत, "केरबा, बायकूला येवढं कधी पुसलंस का रं?" शालूबाई गोठ्यातून म्हणत, "मला पुसाय मी काय गंजतोय व्हय?"

आणि पाडवा. पाडव्याबद्दल नीट सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान असतो. त्यांची शिंगे रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, डोक्यावर मोरपिसे बांधतात. मग गवळी आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढून टाकतो आणि माळावरच्या रस्त्याने ती सुसाट पळवतो. मागून त्याची म्हैस पळते. दावे नाही, दोरी नाही. आपल्या गाडीचा आवाज ओळखून ती पळते. दोन्ही बाजूंना सारे गाव उभे असते. शालूबाई दर वर्षी रस्त्याच्या पार टोकाला पेंडीची बादली घेऊन थांबत.

आमची हरणी माझ्यासमोर जन्मली. तिने डोळे उघडले तेव्हा गोठ्याच्या दारात मीच उभी होते. पहिल्या पाडव्यापासून ती माझ्या मागे पळाली, आणि अशी पळाली की तिच्या नाकातली वाफ माझ्या मागच्या दिव्यावर साचायची. लोक म्हणत, "केरबाच्या गाडीचा आवाज म्हंजे हरणीचा जीव हाय." मी ते ऐकून घ्यायचे. मला ते खरे वाटायचे.

माझे म्हातारपण

हे माझ्यामुळे आले नाही. मालकांच्या गुडघ्यामुळे आले. २००७ साली डॉक्टरांनी त्यांना किक मारायला बंदी केली. मालक घरी आले आणि कट्ट्यावर बसून म्हणाले, "आता काय, दूध डोस्क्यावर घिऊन जाऊ?"

मुलगा यशराज एका कारखान्यात पाळीवर जात होता. त्याला रोज जमणार नव्हते. चार दिवस रतीब चुकला. राजारामपुरीतली दोन घरे पिशवीच्या दुधाकडे वळली. पाचव्या दिवशी शालूबाई म्हणाल्या, "मी न्हेतो की दूध."

"तू? हिला किक मारशील? लुगडं चाकात अडकंल."

"हिला कोन म्हनतंय? त्या डाक्टरच्या दारात एक गाडी हाय बघा, इजंवर चालनारी. किक नगं, गिअर नगं. इकायची हाय म्हनत हुते."

आली. मित्रांनो, ती आली.

राजारामपुरीच्या त्या डॉक्टरांकडे आमचा रतीब होता. त्यांनी मोठ्या हौसेने विजेची छोटी मोटार घेतली होती. पण त्यांना सारखे पुण्याला जावे लागे आणि ती एका चार्जिंगमध्ये पुण्याच्या वाटेवर अर्ध्यातही पोहोचत नव्हती. म्हणून ती दारात नुसती उभी असे. मालक म्हणाले, "अगं, पुण्याला जात न्हाय ती गाडी."

शालूबाई म्हणाल्या, "मला कुठं जायाचंय पुण्याला? मला राजारामपुरीत जायाचंय."

तिच्यासाठी तीन म्हशी विकल्या. गोठ्यात आठ होत्या, पाच राहिल्या. तीन म्हशींच्या बदल्यात अंगणात एक पोपटी डबी येऊन उभी राहिली. पिराजी बघायला आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तीन म्हशी दिऊन बोकड आणलंस व्हय केरबा?" गाडी पोचवायला आलेल्या माणसाने सांगितले की तीन-चार वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील आणि त्यांची किंमत एका चांगल्या म्हशीएवढी आहे. मालक म्हणाले, "म्हंजे दर तीन वर्सानं एक म्हस खानार. आनि श्यान बी देनार न्हाय."

मला मालकांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. पण रात्री त्यांनीच माझ्या जागेवर नवे पत्रे ठोकून तिला शेड केली. तिच्या अंगावर शालूबाईंचे जुने लुगडे घातले. मऊ, धुतलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढली आणि ती रात्रभर घरातून वीज पीत बसली. मला शेवग्याच्या झाडाखाली नेऊन लावले. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

मी तिच्या चुका मोजू लागले. मला दुसरे काम नव्हते. ती हळू जात असे. तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मागची सीट काढून तिथे किटल्या ठेवाव्या लागल्या. उचगावात वीज दिवसातले कितीतरी तास जायची. राहिलेल्या तासांत कडबा कापायचे कुट्टी मशीनही चालवायचे असे, आणि दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडायचा. मग कधी म्हशींना अख्खा कडबा टाकावा लागे, कधी गाडी अर्धी उपाशी निघे. एका पहाटे ती पुलाच्या चढावर बसली. यशराजने धावत येऊन मला किक मारली आणि किटल्या मी नेल्या. मालकांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. त्या दिवशी मी राजारामपुरीत जरा जास्तच वाजले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. शालूबाई कचरल्या नाहीत. गाडीचा आवाज येत नाही म्हणून लोक खाली येईनात, तेव्हा त्यांनी काच खाली करून हाळी द्यायला सुरुवात केली, "दूऽऽध घ्या!" महिनाभरात पिशवीकडे वळलेली दोन्ही घरे परत आली. पेट्रोलचा खर्च राहिला नाही. शालूबाई परतताना बाजार करून येऊ लागल्या, बहिणीकडे जाऊन येऊ लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होते. माझ्यावर बसून जाताना ते मी कधी पाहिले नव्हते. माझ्यावर त्या मागे बसायच्या, त्यामुळे चेहरा दिसायचा नाही, असे मी स्वतःला सांगत असे.

दिवाळी जवळ आली. पिराजींनी मुद्दाम चौकात विचारले, "वैनी, पाडव्याला हरणीला कशाच्या मागनं पळिवनार? ह्या डबीच्या?"

"व्हय. तिच्याच मागनं."

"आवाज न्हाय, धूर न्हाय. म्हशीला कळायचं कसं फुडं कोन हाय त्ये?"

माणसे हसली. मालकांना ते लागले. ते रागाने म्हणाले, "हरणी हिच्या मागनं पळाली ना, तर जुनी दुसऱ्या दिवशी मोडीत. भंगारवाल्याला आजच सांगतो." आणि त्यांनी खरोखरच सांगितले. मित्रांनो, माझे पुढचे आयुष्य आता एका म्हशीच्या पायांवर होते. मी मनातून निवांत होते. हरणी माझी होती.

पाडव्याला माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांनी, लागलीच गरज तर असावी म्हणून, यशराजकरवी मला ढकलत तिथे आणले. सायलेन्सर काढलेला होता. पोपटीच्या आरशांना झेंडूच्या माळा होत्या. मालक त्या गाडीत बसायला तयार नव्हते. शालूबाईच चालवायला बसल्या. गाडी निघाली.

हरणी उभी राहिली.

गाडी पन्नास पावले पुढे जाऊन थांबली. कुणीतरी शिट्टी मारली. पिराजी ओरडले, "वैनी, डबीला घुंगरू बांधा!" हसण्याची लाटच आली. हरणी रवंथ करत उभी होती. मला इतका आनंद झाला की माझे नटबोल्ट सैल झाले असते.

मालकांनी यशराजला खूण केली. यशराजने मला किक मारली. पहिल्याच किकला मी पेटले. मित्रांनो, मी अशी वाजले, अशी वाजले, की माळाच्या पलीकडची कुत्री भुंकू लागली. हरणीने मान वळवली. ती माझ्याकडे आली. एक पाऊल, दुसरे, तिसरे. आली, माझ्याजवळ आली, माझ्या हुकाला तिने नाक लावले, आणि मी आणखी

फट्. फट्.

फ

यशराजने पेट्रोलचा कॉक उघडलाच नव्हता. नव्या गाड्यांची सवय झालेला पोरगा तो. कार्बोरेटरमध्ये जेवढे होते तेवढे संपले आणि मी बंद पडले.

माळावर अचानक शांतता झाली. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. शालूबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या. "हरणेऽऽ, ये की गं माजे बाय! येऽऽ!"

हरणीचे कान उभे राहिले. माझ्याकडे एकदाही न बघता ती पळाली. शेपटी वर, मोरपिसे आडवी, कवड्या खळखळत. पोपटी पुढे चालू लागली, बिनआवाजाची, आणि हरणीने तिच्या मागच्या काचेला नाक लावून सारा माळ पार केला.

कितीतरी पाडव्यांना मी पुढे पळाले होते. प्रत्येक वेळी रस्त्याच्या टोकाला शालूबाई उभ्या होत्या आणि बहुधा हीच हाक मारत होत्या. मला ती कधीच ऐकू आली नव्हती. मी वाजत होते ना.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मालक शब्दाला पक्के, पण त्यांना माझ्याकडे बघवेना. ते गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात शालूबाई दूध घालून परतल्या. त्यांच्याबरोबर उद्यमनगरातले फिटर आकाराम होते. शालूबाई भंगारवाल्याला म्हणाल्या, "पावणं, च्या प्या आनि जावा. गाडी द्यायची न्हाय."

मालक म्हणाले, "अगं, मी शब्द दिलाय त्यांस्नी."

"तुमी दिलासा. मी न्हाय दिला. आकारामदादा, हिच्या मागच्या चाकावर पट्टा टाकून कुट्टी चालंल काय?"

आकारामांनी माझे चाक फिरवून बघितले. "चालंल की. इंजान झकास हाय."

"मग बसवा. इज समदी गाडीला जाऊ दे."

तर मित्रांनो, अशी मी वाचले. माझ्या वैरिणीला पोटभर वीज मिळावी म्हणून वाचले. यात गोड काही नाही, आणि मी तसे दाखवणारही नाही. पहिल्या संध्याकाळी मला गोठ्यात स्टॅण्डवर लावले, पट्टा चढवला, आणि शालूबाईंनी लुगडे खोचून स्वतः मला किक मारली. त्याआधी आठवणीने पेट्रोलचा कॉक उघडला. इतक्या वर्षांत त्यांचा पाय माझ्या किकला प्रथमच लागला. तिसऱ्या किकला मी पेटले.

तुमच्या घरीही कधी अशी बिनआवाजाची गाडी आणायचे निघेल. आणायला माझी ना नाही, म्हणजे आहे, पण माझे कोण ऐकतो. फक्त आधी मोठ्यांना विचारा, आपल्याला जायचे कुठे आहे, आणि आपल्या घरी वीज किती वेळ असते. त्या उत्तरावर घ्या किंवा घेऊ नका. शेजाऱ्याच्या हसण्यावर ठरवू नका. आणि घेतलीत, तर जुनीला झाडाखाली सोडून देऊ नका. आठवड्यातून एकदा तिला चालू करा, तिच्या सीटवरच्या कोंबड्या उठवा. तिच्यात अजून काय उरले आहे, हे बंद गाडीकडे बघून कळत नाही.

आता मी रोज संध्याकाळी वाजते. शेजारच्या शेडमध्ये ती लुगडे पांघरून गुपचूप चार्ज होत असते. तिकडे मी बघत नाही. मी सुरू झाले की हरणी मान वळवून माझ्याकडे बघते आणि दाव्याला ओढ देते. माझ्यासाठी की कडब्यासाठी, हे मी तिला विचारलेले नाही.