एका वजनाचे दोन बाण

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी लाकडी फळी आहे. माझं एक टोक बिजागरीने खालच्या पाटाला जोडलेलं आहे, दुसरं हवं तेवढं उचलता येतं. उचललेल्या टोकाला एक कप्पी आहे आणि अंगाला एक पितळी कोनमापक. एवढाच माझा थाट.

फार पूर्वी मी एका डोंगरउतारावर झाड होते. डोंगर तिरका, पण आम्ही झाडं सरळ. पायाखालची जमीन कितीही कलती असली तरी आमचं वजन सरळ खालीच जायचं. धुकं उतरलं की डोंगर दिसेनासा व्हायचा आणि वाटायचं, आपण नुसत्या वजनावर हवेत उभी आहोत. मग सुताराने मला रंधा मारला आणि मी इथे आले.

विज्ञानाच्या बाई मला फार जपत. माझ्यावर त्या एक जड पितळी रूळ ठेवत, त्याला बांधलेला दोरा कप्पीवरून पलीकडे सोडत आणि दोऱ्याच्या टोकाच्या पारड्यात वजनं टाकत. फळ्यावर खडूने बाण काढून सांगत, "वजन एकच, आणि त्याचा बाण सरळ खाली. पण उतारावर त्याचे दोन घटक पाडता येतात. एक फळीला दाबतो, दुसरा फळीवरून खाली ओढतो. फळी आडवी असली तर नुसतं दाबणं. उभी करत जाल तसं दाबणं कमी आणि ओढणं जास्त."

हे मला अंगाने कळायचं. आडवी असताना रूळ माझ्यावर गाढ झोपल्यासारखा पडून असायचा. मला उचललं की तो हलका व्हायचा आणि दोरा ताणला जायचा. दुपारच्या उन्हात धूळ तरंगत असायची आणि मला डुलकी लागायची. स्वप्नात मी पुन्हा डोंगरावरचं झाड व्हायची.

अशात एक मुलगी वर्गात आली. चाकांच्या खुर्चीवरून. पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं, "मला ड्रायव्हर म्हणा." तेव्हापासून ती सगळ्यांची ड्रायव्हर झाली.

तिच्यासाठी शाळेने पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधला होता. पण तो भलताच उभा होता. रोज सकाळी तिची आई धापा टाकत खुर्ची वर ढकलायची आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी चाकं रेटायची. एके दिवशी खुर्ची मागे घसरली. आईने कशीबशी ती सावरली, पण तिचं मनगट मुरगळलं. प्रयोगशाळेच्या दारातच ती म्हणाली, "आता माझ्याच्याने होत नाही गं. घरीच शिक तू."

नेमका त्या दिवशी माझाच धडा होता. बाईंनी बाण काढले. ड्रायव्हर फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, तो खाली ओढणारा बाण मला ओळखीचा आहे. रोज माझ्या तळहातांना झोंबतो."

बाईंनी खडू ठेवला आणि मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या गवंड्याला बोलावून घेतलं.

गवंडी म्हणाला, "पायऱ्या जेवढ्या उंच, तेवढंच चढायचं ना बाई? उंची काय मी खाऊन टाकू?"

"उंची राहू दे, काका. लांबी वाढवा," ड्रायव्हर म्हणाली.

"तिकडे माझी स्कूटर असते," मुख्याध्यापक पुटपुटले.

ड्रायव्हरने मला चांगलंच उचललं, पारडं सोडवलं आणि दोरा त्यांच्या हातात दिला. "सर, एका बोटाने धरा." दोरा बोटात रुतला. मग तिने मला हळूहळू खाली आणलं. "आता?" सरांचं बोट सैल पडलं. रूळ तोच, वजन तेच. सरांनी खिडकीतून स्कूटरकडे बघितलं.

"स्कूटर झाडाखाली लावीन मी," ते म्हणाले.

"आणि मध्ये एक सपाट टप्पा ठेवा," ड्रायव्हर गवंड्याला म्हणाली. "तिथे काहीच ओढत नाही. दम खाता येतो."

गवंड्याने जुना उतार फोडला आणि भिंतीलगत लांबलचक, मंद चढाचा नवा बांधला. तो वापरायला खुला झाला त्या सकाळी माझ्या खिडकीतून चाकांचा आवाज ऐकू आला. टप्प्यावर तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

"आई, हात काढ ना!"

"केव्हाच काढलेत."

आई खाली उभी होती, मनगटाला पट्टी बांधून. चढाच्या माथ्यावर पोचल्यावर ड्रायव्हरने वळून बघितलं, आणि दोघी इतक्या हसल्या की बाई वर्ग सोडून बाहेर आल्या.

पुढे ड्रायव्हर शिकून गेली. बाई निवृत्त झाल्या. आता बाण पडद्यावर आपोआप हलतात; छान दिसतात. मी कपाटामागे पडून आहे. बिजागरी गंजली, कप्पीत कोळ्याने घर केलं. रागावले मात्र नाही.

मित्रांनो, कधी तरी मला बाहेर काढा. बिजागरीला थेंबभर तेल द्या. दोरा स्वतःच्या बोटाने धरून बघा, कारण पडद्यावरचा बाण बोटाला लागत नाही. आणि मोठेपणी कुठे चढ बांधाल, तेव्हा आधी त्याच्या पायथ्याशी थोडा वेळ बसा. उभे राहू नका, बसा; आणि तिथून वर बघा.