दुसरा तक्ता

"र, ट, म, प, ग." दादाने शेवटची ओळ घडाघडा म्हणून टाकली आणि हात झटकले.

त्याचा धाकटा भाऊ बस डेपोच्या दवाखान्यात चालकांचे डोळे तपासायचा. डेपोत त्याला सगळे डोळेवालाच म्हणत. बावीस वर्षं एकच काम: समोर अक्षरांचा तक्ता, माणूस वाचेल ते लिहायचं, शिक्का मारायचा. आज मात्र त्याचं पेन कागदाला टेकेना. दादा अक्षरं वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. परवाच घरी त्याने पाणी पेल्याशेजारी ओतलं होतं आणि वहिनीने चकार शब्द न काढता फडकं फिरवलं होतं.

डोळेवाल्याने उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. दादाच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तीस वर्षांत गाडीला ओरखडा न पाडलेला हा माणूस घरी बसला तर खचून जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मार की शिक्का," दादा म्हणाला.

"तू तक्ता पाठ केलायस, दादा."

"बरं, केला. नियमात काय आहे? वाचलं की पास. पाठ करू नये असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग हे चुकीचं आहे, हे तुला कुठून कळलं?"

डोळेवाल्याने शिक्का बाजूला सरकवला. कुणी शिकवलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. कदाचित आपलंच चुकत असेल, असंही वाटून गेलं. पण दादाच्या गाडीत बसणारी चाळीस माणसं काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. कपाटात दुसरा तक्ता धूळ खात पडला होता. दादा रुमालाने तोंड पुसत असताना त्याने तो पहिल्यावर अडकवला. हे तरी योग्य होतं का, कोण जाणे.

"शेवटची ओळ परत वाच."

दादा ताठ बसला आणि त्याच ठसक्यात म्हणाला, "र, ट, म, प, ग."

लहानपणी मांडीवर घेऊन याच माणसाने डोळेवाल्याला अक्षरं ओळखायला शिकवली होती.

डोळेवाल्याने पेन टेबलावर ठेवलं, तेव्हा दादा काय ते समजला. "सगळी चुकली?"

"सगळी."

दादाने छातीवरचा बिल्ला काढला, टेबलाची कड चाचपली आणि तो नीट मध्यावर ठेवला.

"चल जरा बरोबर," तो म्हणाला. "तुमच्या जिन्यात फार अंधार आहे."

डोळेवाल्याने त्याचा हात धरला. बाहेर जिन्यावर लख्ख ऊन पडलं होतं.