जास्तीचा चमचा

लिंबाची बिस्किटं करावीत तर रायसिबेनेच, असं गाव म्हणायचं आणि रायसिबेलाही ते पटायचं. लग्न असो की मयत, बायका तिच्याच अंगणात पराती आणि पिठाच्या गोण्या घेऊन जमायच्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या घासूनपुसून त्यांत बिस्किटं भरायची ही इकडची रीत. रायसिबेच्या बादलीचं झाकण उघडलं की लिंबाचा वास मांडवभर फिरायचा आणि पाहुणे नवरीकडे नंतर बघायचे. तिच्या हाताला तोड नव्हती, आणि ते ती कुणाला विसरूही देत नसे.

तीच रायसिबे हल्ली सुनेच्या नजरेला नजर देत नव्हती.

झालं होतं असं. तिच्या नणंदेच्या, मोसिमाच्या मुलीचं लग्न होतं. सून खोलोफेलो नवी, या घरातलं तिचं हे पहिलंच कार्य. पोरगी सोवेटोत, शहरात वाढलेली, त्यामुळे तिचे हात कसे चालतात ते बघायला गावच्या बायका टपूनच बसल्या होत्या. नव्या सुनेने डोक्याला रुमाल बांधायचा, खांद्यावर शाल घ्यायची, मान खाली ठेवायची आणि चारचौघींत थोरल्यांची चूक काढायची नाही. खोलोफेलो बिचारी सगळं पाळत होती. सासूने सांगितलं तशी तिने पिठात अमोनियाची पांढरी पूड मोजून घातली. या पुडीने बिस्किट हलकं आणि खुसखुशीत होतं, पण जरा जास्त पडली की भाजूनही तिचा दर्प जात नाही, जीभ चरचरते. थोड्या वेळाने रायसिबे लिंबाची किसलेली साल घेऊन परातीपाशी आली, ती पिठात टाकली, आणि तेवढीच पूड स्वतःच्या हाताने पुन्हा घातली.

"आई, ते..." खोलोफेलो म्हणाली.

"मधे बोलू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून करतेय मी हे."

बायका हसल्या. सुनेने परात पुढे ओढून पीठ मळायला घेतलं.

लग्नात मुलाकडच्या एका म्हाताऱ्याने बिस्किट तोंडात टाकलं आणि लगेच रुमालात थुंकलं. मग त्याच्या शेजारच्याने. मोसिमा तरातरा आली.

"हे पीठ कुणी मळलं?"

रायसिबेने एक तुकडा जिभेवर ठेवला. सुनेचं ते अर्धं राहिलेलं वाक्य तिला आठवलं आणि त्याचा उरलेला अर्धाही कळला. ती बोलणार होती, खरंच बोलणार होती, पण तोवर मोसिमा सुनेकडे वळली होती.

"शहरात बिस्किटं दुकानातूनच आणत असतील, नाही का गं?"

खोलोफेलोने सासूकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "माझं चुकलं, आत्याबाई."

आणि रायसिबे गप्प राहिली. पोरीने आपल्याला झाकलं हे कळत असूनही गप्प राहिली.

कारण असं विसरण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. चर्चमधून परतताना एकदा ती आपल्याच फाटकापाशी उभी राहिली होती आणि हे घर कुणाचं ते तिला कळेना. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा कळलं की बायका पराती उचलून दुसरीच्या अंगणात नेतील, तिला सावलीत बसवतील, हातात चहा देतील आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलतील. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटे.

पण भोगायचं मात्र खोलोफेलोने. कार्य कुणाचंही असो, तिच्या वाट्याला खरकटी पातेली. नळावर पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "आज कुणाची जीभ भाजलीस गं?" नवरा लेसेत्या जोहान्सबर्गला खाणीत, तो फोनवरून ओरडला, आईचं नाव घालवलंस म्हणून. रायसिबेने भिंतीआडून ते ऐकलं. सून नवऱ्यालाही काही बोलली नाही. सकाळी मात्र नेहमीसारखी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी सासूपुढे चहा धरायची. चार शिव्या दिल्या असत्या तर रायसिबेला तो चहा घशाखाली तरी उतरला असता. स्वतःच्या लेकीवर कुणी असा आळ घेतला असता तर आपण त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तिच्या नवऱ्याच्या, मातोमेच्या थडग्यावरचा दगड उघडायचा दिवस ठरला. तो जाऊन वर्ष झालं होतं. शनिवारी पहाटे सगळी भावकी कबरीपाशी जमणार, दगडावरचं कापड काढणार आणि मग घरी जेवण. आदल्या दिवशी अंगणात भट्टी पेटली, लिंबांची टोपली आली, बायका आल्या.

"तू पातेली घे गं," मोसिमा खोलोफेलोला म्हणाली. "पिठाला हात लावू नकोस. माझ्या भावाचं कार्य आहे, थट्टा नाही."

खोलोफेलो उठली आणि साबण लावून पातेली घासू लागली. रायसिबेला ते बघवेना.

"तिला बसू दे," ती म्हणाली. "लग्नात पूड मी घातली होती. तिने आधीच घातली होती, मी वरून पुन्हा घातली. ती सांगत होती, मीच तिला गप्प केलं."

 मोसिमाने डोळ्यांना शालीचं टोक लावलं.

"बघा गं बायांनो. सुनेचं पाप आपल्या पदरात घेतेय. आमच्या सासूने आम्हाला वांग्यासारखं भाजलं असतं."

"खरं सांगतेय मी."

"वहिनी, तुला धड खोटंही बोलता येत नाही. तुझा हात चुकेल होय?"

ती जितकी शपथेवर सांगू लागली तितक्या बायका जास्तच विरघळल्या. आजवर बिस्किटांसाठी नाव होतं, आता मनाच्या मोठेपणासाठीही झालं. रायसिबेला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"मी विसरते गं हल्ली," ती अखेर म्हणाली. कुणालाही न सांगितलेलं होतं ते.

"मी तर नवऱ्याला जेवायला घालायचं विसरते," एक जण म्हणाली, आणि हशा पिकला.

"बरं बाई, इतकी विसरभोळी झालीस ना," मोसिमा हसत म्हणाली, "मग सांग, आज हा घाट कशासाठी घातलाय?"

रायसिबेने तोंड उघडलं. समोर बादल्या होत्या, लिंबं होती, भट्टी धगधगत होती. कार्य होतं हे दिसत होतं. कुणाचं ते मात्र आठवेना. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट बघत होत्या.

"लग्न," ती म्हणाली. मग हळूच, "कुणाचं गं लग्न?"

कुणीतरी हसायला लागली आणि मधेच थांबली. मोसिमाच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

खोलोफेलोने साबणाचे हात शालीला पुसले आणि सासूचा हात धरला. "आई, उद्या बाबांचा दगड उघडायचाय. बाबांसाठी करतोय आपण."

"मातोमे," रायसिबे म्हणाली. मग सगळं परत आलं, त्याचा खोकला, त्याची टोपी, त्याची पेटी खाली सोडली तो दिवस. सुनेवरचा आळ उतरला होता, आणि तो उतरायला तिला आपल्या माणसाला विसरावं लागलं होतं. तिला रडू आवरेना.

 मोसिमा सुनेकडे बघूही शकली नाही.

"त्या दिवशी तू मला अडवायचं होतंस," रायसिबे खोलोफेलोला म्हणाली.

"अडवत होते, आई."

सगळ्या बायका ऐकत होत्या. इतक्या जणींपुढे सासूला असं उत्तर या अंगणात कुणी सुनेने कधी दिलं नव्हतं.

"हो," रायसिबे म्हणाली. "अडवत होतीस."