जिवंत माणसाचं नाव

पेर्ला झाइडमननं पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि आपल्या कादंबरीवर हात ठेवला.

"युद्ध संपलं, पण आपल्या घरांना न्याय मिळाला नाही," ती म्हणाली. "कोर्टात जे झालं नाही, ते कादंबरीनं करायचं असतं."

मेलबर्नमधल्या त्या ज्यू वाचनालयात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तिचे वडील मेंडेल काठीवर हनुवटी टेकून बसले होते. छळछावणीत मेलेल्या त्यांच्या बहिणीवरची ही कादंबरी. तिचंच नाव लेकीला ठेवलेलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. बाकीच्यांचं अर्धं लक्ष मागच्या टेबलावरच्या खसखशीच्या केककडे होतं.

प्रश्नांच्या वेळी शेवटच्या रांगेतली एक म्हातारी उठली.

"तुझा जन्म कधीचा गं?"

"अठ्ठेचाळीसचा. जर्मनीत, निर्वासितांच्या छावणीत."

"आपल्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर आत्याचं ठेवलं."

"मी तेव्हा पलीकडच्याच बराकीत राहत होते," म्हातारी म्हणाली. "त्याआधी छळछावणीत जर्मनांनी मला बाकीच्या कैदी बायकांवर मुकादम नेमलं होतं. बायकांना मारलंय मी, नाही म्हणत नाही. युद्धानंतर आपल्याच तिघा पंचांनी माझा निवाडा केला. मधल्या खुर्चीत माझा भाऊ होता. शिक्षा काय, ते कुणी सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी तुझं नाव ठेवलं, तेव्हा कळलं."

पेर्लानं वडिलांकडे पाहिलं. मेंडेलनी मान वळवली नाही.

"मेलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न."

सह्यांच्या रांगेत म्हातारी पुस्तक घेऊन उभी राहिली. तिची करंगळी आत वळलेली होती, मेंडेलच्या करंगळीसारखी. पेर्लानं स्वतःची करंगळी मुठीत मिटून घेतली.

"काय नाव लिहू?"

"तुझंच. आत्या म्हणून लिही. मी आहे, एवढं एकदा कुणीतरी लिहून दे मला."

पेर्लाला तिची दया आली, अगदी पोटातून आली. मग तिला ती तीनशे पानं आठवली, सगळी मेलेल्या आत्याची. तिनं अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. 'पेर्ला आत्याच्या स्मृतीस,' असं तिथं छापलेलंच होतं.

त्याखाली तिनं नीट सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पुस्तक मिटून परत दिलं.

"पुढचं कोण?" ती म्हणाली.