नगमा मॅडमचा कागद

अठरा वर्षं मी हृदयाच्या ऑपरेशनचं मशीन चालवतोय. ऑपरेशननंतर हृदय आपलं आपण चाललं नाही, तर पेशंटला मशीनवरच ठेवतात. अशा वेळी बाहेर बसलेले नातेवाईक पूर्वी मलाच गाठायचे. "ओमप्रकाशभाऊ, आमचा माणूस वाचते का?" मी सांगायचो आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. अमरावतीत या कामातला माझ्याइतका जुना माणूस नव्हता.

मग डॉक्टर नगमा आल्या, वय अठ्ठावीस. त्यांच्याकडे एक कागद असायचा. पेशंटचं वय, लघवी किती, रक्तातलं आम्ल किती, सगळ्याची बेरीज करायची आणि असे दहात किती वाचतात ते सांगायचं. चार महिन्यांत मोठे सर्जनसुद्धा मला ओलांडून "नगमा, कागद काय म्हणतो?" असं विचारू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा. कागद एकदा तरी तोंडघशी पडावा म्हणून मी टपून बसायचो, आणि मेला चुकायचाच नाही.

गारपिटीच्या त्या मार्चमध्ये हिवरखेडच्या इंदूबाई मशीनवर गेल्या. झडप बदलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नवरा धर्मपाल माझ्याकडे आला.

"मॅडम म्हणतात, दहात एखादाच वाचते, पोरीले बलावून घ्या. पिंकीचा उद्या अकोल्यात बारावीचा पेपर आहे. तुमी सांगा भाऊ, बलावू का?"

आकडे मीही पाहिले होते. लघवी बंद, आम्ल चढत चाललेलं. बाई जाणार हे मला कळत होतं. पण हा माणूस नगमाला सोडून माझ्याकडे आला होता.

"काहून बलावता? कागदाले काय समजते? मी सांगून राहिलो ना, वाचते. पोरीले पेपर देऊ द्या."

धर्मपालने माझे दोन्ही हात धरले. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायचंही राहून गेलं.

पेपरच्या दिवशी दुपारी इंदूबाई गेल्या. मशीन मीच बंद केलं. नगमा मॅडमनी वेळ लिहून घेतली. मला बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

धर्मपाल बाहेर भिंतीला टेकून बसला होता. त्याने शिवी दिली नाही. मोबाइल लावला आणि माझ्यापुढे धरला.

"माह्यानं नाई होत. तुमी म्हनलं तेच मी तिले कळवलं होतं. आता तुमीच सांगा."

"हॅलो बाबा," पलीकडून पोरगी घाईघाईने बोलली, "पेपर मस्त गेला. आई उठली का?"