डोलीच्या खांबाला फेरा

बत्तीस सालचा शिमगा. रेवदंड्याच्या खाडीत दर शिमग्याला पोरांच्या होड्यांची शर्यत लागायची, नि पोरांना तयार करायचं काम माझं. मला अक्षर वाचता येत न्हाय, पण पोरगं होडीत बसलं की त्याच्या पाठीकडं बघून सांगतो, हे कुठवर जाईल.

त्या साली पाच जणं होती. चार पोरगे नि एक राही. राही अकरा वर्षांची, वेणूबाईची लेक. बाप आदल्या पावसाळ्यात तापानं गेला. मागं एक छोटी होडी राहिली. ती घेऊन मायलेकी खाडीतली कालवं काढायच्या, त्यावरच घर चालायचं. पण राहीचा काका चंदर, त्याची नजर होडीवर.

"वहिनी," माझ्यासमोरच म्हणाला तो, "होडी माझ्या मोरूला द्या. पोरगी काय, उद्या लगीन होऊन जाईल."

"तवर आम्ही काय खायाचं, भावजी? वाळू?"

मग राहीच बोलली. "काका, शर्यतीत मोरूच्या आधी मी आले, तर होडी आमची?"

चंदर हसला. "आधी ये तर खरी!"

मी म्हटलं, "हसू नको चंदर. व्हय का न्हाय, ते बोल."

"व्हय. तू साक्षीला, बुधाजी."

मग आठ दिवस मी पोरांना पिदडलं. कोळ्याच्या पोराला होडी काय शिकवायची, असं लोक म्हणतात. अरे, चालता येतं म्हणून काय धावता येतं? आधी बसणं. गुडघे टेकून, बूड टाचेवर, पाठ सरळ. वल्हं पुढं लांब घालायचं, कमरेपर्यंत ओढायचं नि तिथंच काढायचं. त्याच्यामागं ओढलंत तर तुम्ही नुसतं पाणी उचलताय. नि डोळे समोर. वल्ह्याकडं काय बघता, ते काय पळून जातंय?

आमच्या छोट्या होडीला डाव्या अंगाला दोन आडव्या काठ्या, नि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं लाकूड. ती उलांडी. तिच्यामुळं होडी कलंडत न्हाय. माझा पहिला नियम, उलांडी पाण्यावरून उचलली की कानाखाली बसेल.

पण तिच्यातच गोम हाय. डावीकडं उलांडी पाणी धरते, म्हणून होडी डावीकडं झटकन वळते, उजवीकडं वळताना रडते. नि शर्यतीत वळायचं उजवीकडंच. खाडीत डोल जाळं बांधायचा मोठा खांब, शिमग्याला त्याला हार घालतात, नारळ फोडतात. मग तो देवच झाला. देवाला फेरा घालायचा तर तो उजव्या हाताला हवा.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, भरती भरून पाणी थांबलं तेव्हा मी आरोळी दिली. मोरू सुटला तो सगळ्यांच्या पुढं. अंगानं दांडगा, चंदर काठावर नाचतोय. राही दोन होड्या मागं. वेणूबाईनं पदर तोंडात धरलेला.

खांबाशी घोळ झाला. चौघांतला शिवदास घाईत सवयीनं डावीकडं वळला. काठावरून त्याची आजी आवडाबाई ओरडली, "मुडद्या, देव उजव्या हाताला! माघारी फीर!" सगळा काठ हसला. मोरू चुकला न्हाय, पण त्याची होडी वळेना. लांबच लांब वळसा घेत तो पार पलीकडच्या चिखलाजवळ गेला.

राही मात्र खांबाला चिकटूनच आली. आली नि एकदम उजवीकडं बाहेर झुकली, निम्मं अंग पाण्यावर. उलांडी हातभर वर!

"मेली ही!" मी ओरडलो.

न्हाय मेली. उलांडीनं पाणी सोडलं नि होडी जागच्या जागी गरकन फिरली. राही परत आत आली, उलांडी चपकन खाली बसली, नि पोरगी वल्हं मारत सुटली. मोरू वळसा पुरा करतोय तवर ही अर्ध्या वाटेत. मग त्यानं जीव तोडून ओढलं, पण होडीभर अंतर राहिलंच.

चंदर कंबरभर पाण्यात गेला नि राहीची होडी स्वतः काठाला ओढली. "वहिनी, होडी तुमची," म्हणाला. मग माझ्यावर डाफरला, "असलं गुपचूप शिकवतोस होय रे पोरीला?"

"मी कसला शिकवतोय! मी तर थोबाड फोडलं असतं."

राही धापा टाकत होती. "आई उजवीकडून कालवांची पाटी वर घेते ना, तवा रोज असंच व्हतं. होडी फिरते. मग मी वल्ह्यानं धरते."

वीस वर्षं पोरांना उलट सांगत आलो होतो.

तवर वेणूबाईनं पदर खोचला होता. "चल गं, ओहोटी लागली. कालवं काय घरी चालत येतील?"

मोरू ओल्या अंगानं होडीशी घुटमळला. "राही, मला दाखवशील ते झुकायचं?"

"बस आत," राही म्हणाली. "पन पाटी तू उचलायची."