डोक्यामागून तळव्याखाली

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. आकार ताटलीएवढा, मूठ लाकडाची, आणि काठावर मसुराएवढा एक काळा डाग. वयाच्या मानाने बरा दिसतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एका काचवाल्याकडे मोठी काच कापून जो तुकडा उरला, त्यातून मी घडलो. सुताराने मूठ बसवली आणि मी केस कापण्याच्या दुकानात नोकरीला लागलो. समोरच्या भिंतीवरचा मोठा आरसा लोकांची तोंडं पाहायचा, मी माना पाहायचो. केस कापून झाले की मालक मला गिऱ्हाईकाच्या डोक्यामागे धरत. गिऱ्हाईक समोर बघायचं, स्वतःची मागची बाजू बघायचं आणि हळूच मान हलवायचं. ती मान हलली की मालकांचं काम पसंत पडलं आणि माझंही. अशा हजारो माना मी मिळवल्या. फक्त मालकांनी कधी माझ्याकडे पाहून मान हलवली नाही, कारण ते सदा माझ्या पाठीमागे उभे असत.

मग एके दिवशी मागच्या भिंतीवरही मोठा आरसा आला. त्या लांबलचक शेजाऱ्यामुळे माझी रवानगी सगळ्यात खालच्या खणात झाली, तुटक्या कंगव्यांच्या सोबतीला. खण जुना होता, वीतभर उघडाच राहायचा. त्या फटीतून मला एकच गोष्ट दिसे, ती म्हणजे मालकांचे पाय.

ते अनवाणी काम करत. कात्री हातात असली की पायात चप्पल नको, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. कापलेले बारीक केस काट्यासारखे बोटांच्या बेचक्यांत रुतत. पूर्वी मालक विव्हळत स्टुलावर बसायचे आणि चिमट्याने एकेक केस उपटून काढायचे. पुढे त्यांना मधुमेह झाला. आधी तळपायांची नुसती आग होई. मग हळूहळू आग थांबली. मालक खूश! सुंठीवाचून खोकला गेला, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटले. केस बोचणंही बंद झालं. पाय आता कामाला सरावले, असं त्यांनी ठरवून टाकलं.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, त्यांना एक भोवरी झाली होती. दिवसभर उभं राहून आणि खुर्ची वरखाली करायचं पेडल दाबून दाबून कातडी तिथे टणक झाली होती. दर आठवड्याला दुकान झाडून झालं की मालक स्टुलावर बसत, पाय मांडीवर घेत आणि जुन्या वस्तऱ्याने ती भोवरी नुसत्या अंदाजाने तासत. पोट सुटलेलं आणि गुडघे आखडलेले, त्यामुळे तळवा काही डोळ्यांना दिसत नसे. मालकीणबाईंनी एकदा हटकलं, तर म्हणाले की माणसांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणाऱ्याला पायाची कसली भीती. आता सांगा, असल्या माणसाला कोण समजावणार?

एका दुपारी वस्तरा खोल गेला. मालकांना कळलंच नाही. फरशीवर लाल ठिपका पडला. केसांचा रंग सांडला असेल, असं म्हणत त्यांनी तो फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपका, पुन्हा फडकं. मी फटीतून सगळं पाहत होतो. पण आरशाला तोंड कुठलं! आम्ही फक्त दाखवू शकतो, तेही कुणी पुढे धरलं तर. असं पाच दिवस चाललं, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सुट्टीच्या दिवशी मालकीणबाई दुकान धुवायला आल्या. त्यांनी फरशी लख्ख केली आणि मालक तिच्यावरून चालले. जिथे पाऊल, तिथे ठिपका. बाईंनी बादली बाजूला ठेवली आणि नवऱ्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मालक कुरकुरले, "अगं, दुखत नाही तर बघायचं काय?"

बाईंनी पाय पुसायला कापड शोधत खण ओढला आणि त्यांच्या हाती मी लागलो. त्यांनी मला बाहेर काढलं आणि थेट मालकांच्या तळव्याखाली धरलं.

"तीस वर्षं लोकांना त्यांची मागची बाजू दाखवलीत," त्या म्हणाल्या. "आता आपली बघा."

खरं सांगतो मित्रांनो, क्षणभर मला रागच आला. जन्मभर डोक्यामागे मिरवलेला मी, आणि आता पायाखाली? पण मग मी पाहिलं. जखम चांगली बोराएवढी होती, कडा पांढऱ्या फटक पडलेल्या, भोवती सूज. बोटांच्या बेचक्यात दोन केस रुतून तिथेही पू धरलेला. मालकांनी माझ्यात पाहिलं आणि स्वतःहूनच बाहेर जायच्या चपला मागितल्या.

बाईंनी मला पिशवीत टाकलं आणि मालकांना घेऊन तशाच त्या दवाखान्यात निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. कुठे टेकला ते मालकांना सांगता येईना. आग विझली नव्हती तर, पायच बधिर झाला होता. विष हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा काढावा लागेल, म्हणून हाडाचा फोटो काढायला सांगितलं. आम्ही बाहेर बाकावर वाट बघत बसलो.

"अंगठ्याशिवाय माणसाला दिवसभर उभं राहता येतं का गं?" मालकांनी विचारलं.

"आधी फोटो येऊ दे," बाई म्हणाल्या. पण माझ्या पिशवीचा बंद त्यांनी इतका घट्ट आवळला होता की मी आत घुसमटलो.

फोटो आला. हाड स्वच्छ होतं! आम्हा तिघांचाही जीव भांड्यात पडला. मालक हसू लागले आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र फैलावर घेतलं. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, म्हणाल्या. आणि वर, "मी माझे केस स्वतः कापत नाही, तुम्ही तुमचे पाय कापू नका."

मलमपट्टी करताना नर्सबाईंनी पथ्यं सांगितली. पाय रोज कोमट पाण्याने धुवायचे, पण पाणी आधी कोपराने तपासायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करायची. मलम टाचांना आणि तळव्याला लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. आणि तळवा रोज पाहायचा. बाईंनी मला पिशवीतून काढून दाखवलं, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या की मग अर्धं काम झालंच. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

जखम भरायला दोन महिने लागले. तितके दिवस मालकांनी पायावर भार दिला नाही, साखरही आटोक्यात ठेवली. मग संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मापाचे बंद बूट घेतले. पहिल्या दिवशी बूट घालून दुकानात शिरताना ते उंबऱ्याशी अडखळले. मग वडिलांच्या जुन्या कात्रीकडे बघून म्हणाले, "बाबा, माझा पाय पाहिला असतात तर तुम्हीही घातले असते." आता ते बूट घालण्याआधी झटकतात, कारण केसांचा नेम नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला वाकता येत नसेल, तर त्यांच्या तळव्याखाली एक आरसा धरा. दुखत नाही म्हणून बरं आहे, असं समजू नका. ओले मोजे घालून हुंदडणाऱ्यांनो, हे तुम्हालाही सांगतोय.

मी आता मालकांच्या घरी, मोरीबाहेरच्या खिळ्यावर असतो. परवा संध्याकाळी मालकांनी पाय धुतले, बेचक्या पुसल्या आणि मला तळव्याखाली धरलं. जखमेच्या जागी फिकट गुलाबी रेघ तेवढी उरली होती. त्यांनी निरखून पाहिलं, मला जरा तिरपं करून पुन्हा पाहिलं, आणि गिऱ्हाइकं हलवायची तशी हळूच मान हलवली.